हरिद्रेचे नाव आणि हळदीचे मूळ : प्राचीन वनौषधींच्या इतिहासात नामसाक्ष्याचे मोल

हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात मे-जून महिन्यांत हळदीचे बेणे जमिनीत पडते आणि सुमारे नऊ महिन्यांनी, पाला वाळून गेल्यावर, गड्डे खणून काढले जातात. जेठे गड्डे व बगल गड्डे पुढच्या वर्षाच्या बेण्यासाठी राखून ठेवतात. हळकुंडे शिजवून, उन्हात वाळवून व घासून बाजारात जातात. २०२४ साली ‘वसमत हळद’ ह्या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. ह्या पिकाविषयी जे लिहिले व बोलले जाते त्यात एक विधान बहुधा आरंभीच येते : हळदीचा औषधी उपयोग वेदकाळापासून, किंबहुना त्याही पूर्वीपासून, चालत आलेला आहे आणि असुर, मिसर व चीन ह्या प्राचीन संस्कृतींनाही तो ठाऊक होता. विधान मोठे आहे. त्याचा जो भाग खरा आहे तो अतिशय महत्त्वाचा आहे. परंतु जो भाग खरा म्हणून सांगितला जातो त्यापैकी बराचसा केवळ नावांच्या साम्यावर उभा आहे. प्राचीन वनस्पतिवैद्यकाच्या इतिहासात नावाच्या साक्षीवर किती भार टाकता येतो, हा प्रश्न हळदीच्या एका उदाहरणावरून तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या परीक्षणाची कसोटी बाहेरून आणण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात असे सांगितले आहे की, शेळ्या-मेंढ्या व गाई राखणारे आणि इतर वनवासी लोक औषधींना नावाने व रूपाने ओळखतात; परंतु केवळ नाव कळले किंवा केवळ रूप कळले म्हणून औषधीचे पूर्ण ज्ञान झाले असे होत नाही. नाम, रूप व योग ही तिन्ही जो जाणतो तोच खरा औषधिज्ञ. वैद्याला उद्देशून सांगितलेला हा विवेक इतिहासकारालाही तंतोतंत लागू पडतो. ग्रंथात नाव मिळते. उत्खननात रूप, म्हणजे प्रत्यक्ष वस्तूचा अवशेष, मिळतो. आणि उपयोगाचे वर्णन ह्या दोहोंना जोडते. तिन्ही साक्षी एका ठिकाणी आल्याखेरीज अमुक वनस्पती अमुक काळी औषध म्हणून वापरात होती असे निश्चयाने म्हणता येत नाही.

१. प्राचीन औषधियाद्या व त्यांतील नावे

वनस्पतिवैद्यकाचे सर्वांत जुने लेख मेसोपोटेमियातील आहेत. निप्पूर येथील एका सुमेरी मृत्पट्टिकेवर सुमारे पंधरा औषधयोग कोरलेले आहेत. इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकाच्या अखेरीच्या ह्या पट्टिकेचे वाचन सॅम्युएल नोआ क्रेमर व मार्टिन लेव्ही ह्यांनी १९५३ च्या सुमारास केले. त्यांत वनस्पतींचे चूर्ण, काढा व लेप आहेत, अनुपान म्हणून यवसुरा आहे. मात्र रोगांची नावे जवळजवळ नाहीत. मिसर देशातील एबर्स पपायरस इ.स.पू. सुमारे १५५० चा. गेओर्ग एबर्स ह्यांनी तो १८७३ च्या हिवाळ्यात थीब्ज येथे मिळविला. जवळजवळ वीस मीटर लांबीच्या ह्या पटावर आठशेहून अधिक योग आहेत. चीनमधील मावांगदुई येथील थडगे इ.स.पू. १६८ मध्ये बंद झाले. ते १९७३ साली उघडले तेव्हा त्यातील रेशमी पटांवर बावन्न व्याधींवरील उपचारांचा एक ग्रंथ सापडला.

ह्या तिन्ही ठिकाणी अभ्यासकांपुढे उभी राहणारी अडचण एकच आहे. लेख वाचता येतो, वाक्याचा अर्थ लागतो, औषधाचे प्रमाणही कळते. पण ज्या नावावर सर्व अवलंबून आहे ते नाव कोणत्या वनस्पतीचे, हे कळत नाही. ही अडचण त्या काळच्या लोकांनाही जाणवत होती असे दिसते. असुरांच्या ग्रंथसंग्रहात ‘उरुअन्ना’ ह्या नावाने ओळखली जाणारी एक विस्तृत यादी होती. तिच्यात एका स्तंभात एक वनस्पतिनाम व शेजारच्या स्तंभात त्याचे प्रतिनाम अशी मांडणी आहे. आपल्याकडील निघंटूंचे प्रयोजनही हेच. वैद्यकाचा ग्रंथ जितका जुना होत जातो तितकी त्याला शब्दकोशाची गरज भासते, हा अनुभव तैग्रिसच्या काठी व गोदावरीच्या काठी सारखाच आला.

असुरांच्या वैद्यकीय लेखांत ‘कुर्कानू’ नावाची एक औषधी आहे. आर. कॅम्पबेल टॉम्प्सन ह्यांनी १९२४ मध्ये असुरांच्या वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला व पुढे १९४९ साली त्यांचा असुर वनस्पतिनामकोश निघाला. ‘कुर्कानू’ म्हणजे हळद हे समीकरण त्यांच्या लेखनातून रूढ झाले. त्याचा मुख्य आधार अरबी ‘कुर्कुम’ ह्या शब्दाशी असलेले ध्वनिसाम्य हा होय. पण अरबी व हिब्रू शब्दांकडे पाहिले तर पाया डळमळीत होतो. हिब्रू ‘कर्कोम’ म्हणजे सामान्यतः केशर. अरबी ‘कुर्कुम’ केशर व हळद ह्या दोहोंना लागलेले आहे. केशर हे फुलातील तंतू, हळद हा जमिनीतील कंद. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या ह्या दोन वनस्पतींत काहीही जवळीक नाही. दोघींना जोडणारी गोष्ट एकच, पिवळा रंग. ज्या शब्दाने रंग सुचतो तो शब्द रंग देणाऱ्या एका द्रव्यावरून दुसऱ्यावर सहज जातो. म्हणून ‘कुर्कानू’ हे नाव हळदीचे असू शकेल. परंतु केवळ नावावरून तेवढे सिद्ध होत नाही.

२. वैदिक साक्ष

हळदीचे वैदिकत्व सांगताना अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातील दोन सूक्तांचा आधार घेतला जातो. त्यांतील बाविसावे सूक्त कावीळ घालविण्यासाठी आहे. रोग्याचा पिवळेपणा पोपटांत, रोपणाका नावाच्या पक्ष्यांत व ‘हारिद्रव’ ह्यांच्यात ठेवून देण्याची कल्पना त्यात आहे. ‘हारिद्रव’ हा शब्द पाहताच ‘हरिद्रा’ आठवते हे साहजिक आहे. पण सूक्तातील संगती पक्ष्यांची आहे आणि भाष्यकारानेही येथे पिवळा पक्षी असाच अर्थ घेतला आहे. ह्याच कल्पनेचा मंत्र ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातही आहे. तेथील भाष्यात मात्र वृक्षविशेष असा अर्थ दिसतो. एकाच शब्दाचे भाष्यपरंपरेत दोन अर्थ होतात आणि त्या दोहोंतही हळद नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ह्यापुढची पायरी अधिक उद्बोधक आहे. कौशिकसूत्रात ह्या सूक्ताचा विनियोग सांगितला आहे. त्यात रोग्यास हळदमिश्रित भात खाऊ घालावा, उरलेला त्याच्या अंगास डोक्यापासून पायापर्यंत लावावा आणि त्याच्या खाटेस पिवळे पक्षी बांधावेत असा विधी आहे. म्हणजे सूक्तात जेथे पक्षी आहेत तेथे सूत्रकाळापर्यंत पक्ष्यांसोबत हळदही आली. पिवळ्या रोगाला पिवळे द्रव्य हा सादृश्याचा न्याय येथे कार्य करीत आहे. ‘हारिद्रव’ व ‘हरिद्रा’ ह्यांतील ध्वनिसाम्याने त्याला बळ दिले असावे. ह्यावरून हळदीच्या औषधी उपयोगाची खरी साक्ष देणारा ग्रंथ संहिता नसून सूत्र होय, असे म्हणणे प्राप्त होते.

दुसरे सूक्त तेविसावे. ते पांढऱ्या कोडावरील आहे. त्यात एका औषधीला ‘रजनी’ असे संबोधून पांढऱ्या डागांना रंग चढविण्याची प्रार्थना केली आहे. पुढील निघंटूंत रजनी, निशा, क्षपा ही रात्रिवाचक नावे हळदीची म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यामुळे हे सूक्त हळदीचे, असा निर्णय चटकन केला जातो. परंतु सूक्तातील औषधी रात्री जन्मलेली आहे, काळी आहे, श्यामवर्णी आहे. ती जो रंग देणार तोही गडद. पिवळ्याधमक कंदाला ही विशेषणे कशी लागू पडावीत? नीळ किंवा तत्सम गडद रंग देणारी वनस्पती येथे अभिप्रेत असणे अधिक संभवनीय आहे. ‘रजनी’ हा शब्द येथे रंगविण्याच्या अर्थाच्या ‘रञ्ज्’ धातूशी खेळतो आहे, हेही उघड आहे. नंतरच्या कोशातील समानार्थक शब्द मागे नेऊन संहितेतील शब्दावर लादला, की हळदीचे वय हजार वर्षांनी वाढते; ह्या वाढीला आधार मात्र कोशाचा असतो, संहितेचा नव्हे.

३. निश्चित भूमी

नाम, रूप व योग ह्यांचा मेळ जेथे प्रथम स्पष्ट दिसतो ती भूमी पाली विनयपिटकातील महावग्गाची होय. त्यातील भेषज्यविषयक खंधकात भिक्षूंना मुळांपासून होणारी औषधे ठेवण्याची अनुज्ञा आहे. त्या यादीत हळद, आले, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा, नागरमोथा ही मुळे आहेत आणि हळदीचे नाव सर्वांत प्रथम आहे. येथे संदेहाला जागा फार थोडी उरते : मुळाचा वर्ग सांगितला आहे, शेजारी आले आहे, आणि प्रयोजन औषधाचे म्हणून नियमाच्या भाषेत नोंदले आहे. मंत्रातील उपमेपेक्षा विनयातील यादी इतिहासाच्या दृष्टीने अधिक विश्वसनीय ठरते. यादी करणाऱ्याला कोणाचे स्तवन करावयाचे नसते. कोणती वस्तू जवळ ठेवावी एवढेच त्याला सांगावयाचे असते.

औषधींची ने-आण हीही ह्याच काळी राजाज्ञेचा विषय झाली होती. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी व पशूंसाठी अशी दोन प्रकारची चिकित्सा आणि जेथे औषधी, मुळे व फळे नाहीत तेथे ती आणवून लावल्याचा उल्लेख आहे. त्यात चोल, पांड्य, सतियपुत, केरलपुत, ताम्रपर्णी व अंतियोक नावाचा यवन राजा ह्यांचे प्रदेश येतात. इ.स.पू. तिसऱ्या शतकातील हा लेख कोणत्याही एका वनस्पतीचे नाव घेत नाही. पण औषधी आपल्या जन्मभूमीपासून हेतुपुरस्सर दूर नेऊन लावली जात होती, ही गोष्ट तो सांगतो. ह्या लेखमालेतील अन्य लेखांचे तुकडे महाराष्ट्रात सोपारा येथे मिळाले आहेत.

चरकसंहितेत हळदीचा योग शास्त्रीय वर्गीकरणात बसलेला दिसतो. दहा-दहा द्रव्यांच्या पन्नास महाकषायांपैकी लेखनीय, कुष्ठघ्न व विषघ्न ह्या तीन गटांत हरिद्रा आहे. सुश्रुताने तर एका गणाला तिचेच नाव दिले आहे. लेखनीय गटात हरिद्रेच्या जोडीला दारुहरिद्रा येते. ही वनस्पती मुळीच हळदीच्या कुळातील नाही. तिचे लाकूड पिवळे म्हणून ती ‘दारु’हरिद्रा. नावाचा निकष रंग असल्यामुळे वर्ग रंगाचा झाला, कुळाचा नव्हे, ह्याचा हा उत्तम दाखला होय. मराठीतील ‘आंबेहळद’ हा शब्दही असाच. तेथे मात्र कुळ एक असून वासाने भेद केलेला आहे.

अमरकोशातील स्थान ह्याहून बोलके आहे. कोशाच्या दुसऱ्या कांडात वनौषधींचा स्वतंत्र वर्ग असताना अमरसिंहाने हरिद्रेची नावे तेथे घातली नाहीत. ती वैश्यवर्गात, हिंगासारख्या जिनसांच्या शेजारी घातली आहेत. कोशकाराच्या दृष्टीने हळद रानातून आणावयाची औषधी राहिलेली नव्हती. ती शेतात पिकणारी व दुकानात विकली जाणारी वस्तू झाली होती. वसमतच्या बाजारात आज जो व्यवहार चालतो त्याचे कोशगत पूर्वरूप येथे आढळते.

४. ध्वनींचा प्रवास

‘हरिद्रा’पासून ‘हळद’ हा शब्द कसा आला, हे प्राकृत व्याकरणकारांनी जवळजवळ हाती धरून दाखविले आहे. वररुचीच्या प्राकृतप्रकाशात ‘र’चा ‘ल’ होणाऱ्या शब्दांचा एक गण आहे आणि त्या गणाला नावच ‘हरिद्रादि’ असे आहे. दुसऱ्या एका सूत्रात पथिन्, हरिद्रा व पृथिवी ह्या शब्दांत ‘इ’चा ‘अ’ होतो असे सांगितले आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने ह्या दुसऱ्या यादीत बिभीतकाचीही, म्हणजे आपल्या बेहड्याची, भर घातली. पालीतील ‘हलिद्दी’ व ‘हलिद्दा’ ह्या रूपांत पहिला बदल आहे, दुसरा नाही. महाराष्ट्री प्राकृतातील ‘हलद्दा’ ह्या रूपात दोन्ही बदल आहेत आणि मराठी ‘हळद’ ह्याच रूपाची वारस आहे : स्वरांमधील ‘ल’चा ‘ळ’ झाला, जोड ‘द्द’ एकेरी झाला व अंत्य स्वर गळाला. एका मुळाच्या नावासाठी व्याकरणकारांना दोन विशेष नियम नोंदवावे लागले, ह्याचा अर्थ तो शब्द ग्रंथातून शिकलेला नव्हता. तो लोकांच्या तोंडी अखंड वापरात राहून झिजलेला होता. ग्रंथातून उचललेला शब्द आपली संस्कृत कांती टिकवितो. स्वयंपाकघरात राहिलेला शब्द गुळगुळीत होतो.

तथापि एका भाषाकुळातील अखंडता म्हणजे सर्व ज्ञानाचा एकच उगम, असा अर्थ काढणे योग्य नव्हे. तमिळमध्ये ‘मंजळ’ म्हणजे हळदही आणि पिवळा रंगही. तेलुगूत ‘पसुपु’ ह्या शब्दाचेही तसेच. संस्कृत ‘हरिद्रा’च्या आरंभी पिवळेपणा दाखविणारा ‘हरि’ शब्द आहे. इ.स. ६५९ मध्ये सिद्ध झालेल्या चिनी राजकीय औषधिग्रंथात हळदीचे नाव ‘जियांगहुआंग’, म्हणजे आल्यासारखी पिवळी, असे आहे. ही नावे परस्परांपासून उत्पन्न झालेली नाहीत. प्रत्येक भाषेने वस्तू पाहून स्वतःचे नाव ठेवले आहे. हळदीचे ज्ञान कोणत्याही एका ग्रंथातून सर्वत्र पसरले नाही, असा निष्कर्ष ह्या नामभेदातून निघतो.

नाव एका वस्तूवरून दुसरीवर जाते ह्याचे उदाहरण शोधण्यासाठी असुरांकडे जाण्याचीही गरज नाही. संस्कृत ‘कुङ्कुम’ म्हणजे केशर. मराठी ‘कुंकू’ त्याच शब्दापासून आले. परंतु पंढरपूरच्या बाजारात जे परंपरागत कुंकू मिळत आले ते हळदीपासून केलेले. हळदीवर क्षारद्रव्याची क्रिया झाली की तिचा पिवळा रंग तांबडा होतो, ह्या गुणावर ती कृती आधारलेली आहे. म्हणजे केशराचे नाव हळदीच्या एका विकाराला मिळाले आणि ‘हळदीकुंकू’ ह्या जोडशब्दात एकच कंद दोन नावांनी शेजारी येऊन बसला. एखाद्या भावी संशोधकाने केवळ शब्दांवरून निर्णय केला, तर महाराष्ट्रातील घरोघरी केशराचा नित्य वापर होता असे तो लिहील. ‘कुर्कुम’ व ‘कुर्कानू’ ह्यांच्याविषयी निर्णय देताना हा घरचा दाखला दृष्टीआड करू नये.

उलटपक्षी, नाव नसताना वस्तू ओळखता येते, असेही एक उदाहरण आहे. इ.स. पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस ह्याने आपल्या औषधिग्रंथात एका प्रकारच्या मोथ्याच्या वर्णनात भारतात होणाऱ्या एका मुळाची नोंद केली आहे : ते आल्यासारखे दिसते, चघळले असता केशरी रंगाचे होते व चवीला कडू लागते. त्याने हळदीचे भारतीय नाव दिलेले नाही. पण रूप, रंग व रस ह्या तीन खुणा अशा जुळतात की अभ्यासकांनी ती हळदच मानली आहे. नेमके वर्णन नावापेक्षा अधिक टिकते.

५. वस्तूची साक्ष

गेल्या काही दशकांत ह्या विषयात एक नवी साक्ष दाखल झाली आहे. हरियाणातील फरमाणा हे हडप्पा संस्कृतीचे स्थळ. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने वसंत शिंदे ह्यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे उत्खनन झाले. अरुणिमा कश्यप व स्टीव्हन वेबर ह्यांनी तेथील मृद्भांडी व मानवी दात ह्यांवरील पिष्टकणांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली असता त्यांत आले व हळद ह्यांचे कण ओळखले गेले. त्यांचा काळ इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धातील. २०२० च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका संशोधनात पश्चिम आशियातील मेगिद्दो येथील दफनांतल्या दातांच्या किटणात हळदीचे अवशेष आढळल्याचे नोंदविले आहे. त्यांचा काळ इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या मध्याच्या आसपासचा.

ह्या साक्षीचे वजन ओळखण्यासाठी हळदीचा एक वनस्पतिशास्त्रीय धर्म लक्षात घेतला पाहिजे. लागवडीतील हळद त्रिगुणित गुणसूत्रांची असून सामान्यतः वंध्य असते. तिचे बी वाऱ्याने उडत नाही, पक्षी नेत नाही. ती वाढते ती केवळ कंदाच्या तुकड्यापासून. म्हणून जेथे हळद उगवली तेथे ती कोणी तरी हाताने नेऊन लावली. आणि जेथे तिची लागवड नव्हती तेथे ती व्यापाऱ्याच्या गोणीतून गेली. फरमाण्याचे पिष्टकण व मेगिद्दोचे किटण ह्यांमागे मानवी हात आहे. वसमतच्या शेतात ज्या जाती लावल्या जातात त्यांतील एकीला ‘सेलम’ म्हणतात. दूरच्या तमिळ प्रदेशातील एका नगराचे हे नाव बेण्याबरोबर मराठवाड्यात आले. बेण्याचा प्रवास नावात गोठून राहतो, ह्याचे हे चालू काळातील उदाहरण होय.

परंतु वस्तूची साक्षही मर्यादित आहे. फरमाण्याच्या भांड्यातील हळद शिजविलेल्या अन्नात होती. ती औषध म्हणून घातली होती की चवीसाठी, हे पिष्टकण सांगत नाही. दात उपयोगाचे कारण बोलत नाही. हडप्पाकाळात हळद होती, एवढे रूप सिद्ध झाले. नाम व योग ह्यांसाठी पुन्हा ग्रंथांकडेच यावे लागते. तिसऱ्या सहस्रकातील वस्तू आणि महावग्गातील यादी ह्यांच्यामधील अंतर संशयास्पद मंत्रार्थाने भरून काढण्यापेक्षा ते अंतर म्हणूनच दाखविणे अधिक प्रामाणिक होय.

६. निघंटूकारांचा विवेक

नावांतील हा गोंधळ भारतीय वैद्यांना पूर्णपणे ज्ञात होता आणि त्यांनी त्यावर शास्त्रही रचले. राजनिघंटूचा कर्ता नरहरी ह्याने द्रव्यनामांची सात कारणे दिली आहेत : रूढी, प्रभाव, देशी बोली, चिन्ह, उपमा, वीर्य आणि अन्य नामाचा अतिदेश. शब्दार्थशास्त्रातील नामकरणाच्या हेतूंची इतकी सुटसुटीत मांडणी अन्य कोणत्या प्राचीन वैद्यकपरंपरेत क्वचितच आढळेल. हळदीला लावून पाहता ‘पीता’ हे चिन्हावरून, ‘वरवर्णिनी’ हे प्रभावावरून आणि रात्रिवाचक नावे अतिदेशाने, असा उलगडा करता येतो. ‘निशा’ हे एक नाव एकदा लागले, की रात्रीचे सर्व पर्याय आपोआप लागू होतात. अशा नावांवरून वनस्पतीच्या गुणाचे अनुमान करणे म्हणजे कोशकाराच्या सोयीला निसर्गाचा नियम मानणे होय.

मराठवाड्याच्या भूमीवर ह्या विद्येचे मोठे केंद्र यादवांच्या देवगिरीस होते. महादेव व रामचंद्र ह्यांच्या राज्यातील हेमाद्रीने वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. त्याच्या आश्रयातील बोपदेव हा एकाच वेळी वैयाकरण व वैद्य होता. मुग्धबोध व्याकरणाच्या ह्या कर्त्याने ‘हृदयदीपक’ नावाचा निघंटूही रचला. त्यातील वर्गवारी द्रव्यांच्या गुणांवर नसून नावांच्या विस्तारावर व संख्येवर आहे आणि अनेकार्थी नावांसाठी स्वतंत्र वर्ग आहे. एक नाव अनेक द्रव्यांचे असते ही अडचण वैयाकरणाच्या नजरेला प्रथम दिसावी, हे स्वाभाविकच होय.

ह्या परंपरेची गाठ युरोपीय विद्येशी पडली ती पश्चिम किनाऱ्यावर. गार्सिया द ओर्ता ह्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात औषधींची अरबी, पोर्तुगीज व देशी नावे शेजारी ठेवून पारखली. त्यात ‘भारतीय केशर’ म्हणून हळदीचाही विचार आहे. १६७८ ते १६९३ ह्या काळात अॅम्स्टरडॅम येथे बारा खंडांत निघालेल्या ‘होर्तुस मलबारिकुस’ ग्रंथाच्या सिद्धतेत इट्टी अच्युतन् ह्या मल्याळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट ह्या तीन कोंकणी वैद्यांचा हात होता. १६७५ सालचे त्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. १७५३ मध्ये लिनीअसने हळदीला ‘कुर्कुमा लोंगा’ हे नाव दिले, तेव्हा केशराचा संशय वाहणारा तो अरबी शब्द शास्त्रीय नामावलीत कायमचा स्थिर झाला.

७. साक्षीचे मोल

नावांची ही चर्चा केवळ पंडितांची करमणूक नव्हे, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस दिसून आले. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास जखम भरून काढण्यासाठी हळदीच्या वापराचे एकस्व देण्यात आले. कापलेल्या बोटावर हळद दाबणाऱ्या प्रत्येक मराठी घराला जी गोष्ट ठाऊक होती ती तेथे नवा शोध ठरली. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, तिचे महासंचालक रघुनाथ माशेलकर ह्यांच्या नेतृत्वाखाली, १९९६ मध्ये त्या एकस्वाला आव्हान दिले आणि संस्कृत, हिंदी, उर्दू इत्यादी भाषांतील बत्तीस संदर्भ पुढे ठेवले. त्यांत भारतीय वैद्यक संघाच्या नियतकालिकातील १९५३ सालचा एक लेखही होता. १९९७ मध्ये ते एकस्व रद्द ठरविण्यात आले. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा अंकीय ग्रंथसंग्रह उभारण्याचे कार्य सुरू झाले, त्याच्या मुळाशी हा अनुभव होता.

ह्या प्रकरणातील धडा नीट समजून घेतला पाहिजे. घरोघरीची वहिवाट तेथे पुरेशी ठरली नाही. लिहिलेला व छापलेला आधार लागला. तसेच तो आधार किती जुना ह्याला महत्त्व नव्हते. तो निःसंदिग्ध असण्याला होते. द्रव्य तेच, उपयोग तोच, आणि दोन्ही स्पष्ट शब्दांत नोंदलेले, एवढेच दाखवावयाचे होते. नाम, रूप व योग ह्यांची चरकाने घातलेली अटच, वेगळ्या भाषेत, परीक्षकांपुढे होती. तेथे ‘रजनी’चे सूक्त उपयोगी पडले नसते, १९५३ चा साधा लेख उपयोगी पडला.

चीनमधील अनुभवही असाच आहे. हिवतापावरील औषध शोधताना तू यूयू ह्यांना चौथ्या शतकातील गे हाँग ह्याच्या ग्रंथातील एका कृतीवरून सूचना मिळाली. तेथील औषधी पाण्यात भिजवून पिळावयाची आहे, उकळावयाची नाही, ह्यावरून उष्णतेने गुण जात असावा असा तर्क त्यांनी केला आणि १९७१ मध्ये गुणकारी अर्क मिळविला. त्यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण ग्रंथातील ‘चिंगहाव’ ह्या नावाखाली येणाऱ्या वनस्पतींपैकी नेमकी कोणती गुणकारी, हे ठरविण्यासाठी त्यांना प्रत्यक्ष परीक्षाच करावी लागली. ग्रंथाने योग दिला. रूपाचा निर्णय प्रयोगशाळेत झाला. हळदीतील रंगद्रव्य १८१५ मध्ये वेगळे करण्यात आले आणि त्याची रचना १९१० मध्ये निश्चित झाली. त्यानंतर त्याच्या गुणांविषयी विपुल लेखन झाले, परंतु रोग्यांवरील काटेकोर परीक्षांनी त्यातील मोठ्या दाव्यांना अपेक्षित पाठबळ दिलेले नाही. प्राचीनत्व हा उपयोगाचा पुरावा आहे. गुणाचा पुरावा स्वतंत्रपणे द्यावा लागतो.

एकंदरीत पाहता हळदीच्या प्राचीन इतिहासाची रूपरेषा पुढीलप्रमाणे मांडता येते. हडप्पाकाळात ती अन्नात होती. दुसऱ्या सहस्रकात ती पश्चिम आशियापर्यंत पोहोचली. तिचा औषधी उपयोग निश्चितपणे दिसतो तो सूत्रग्रंथांत व महावग्गात. चरक-सुश्रुतांत तो शास्त्रबद्ध झाला. आणि अमरसिंहाच्या काळापर्यंत ती बाजारातील जिन्नस झाली होती. ही रूपरेषा प्रचलित दाव्यापेक्षा काही ठिकाणी आखूड आहे, पण तिचा प्रत्येक टप्पा भार सोसणारा आहे. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होऊ नये, असे मराठीत म्हणतात. हळदीचा इतिहास लिहिणाराला तर ही म्हण विशेष लागू पडते. वसमतचा शेतकरी बेणे निवडताना गड्डा हातात घेतो, मोडून त्याचा रंग पाहतो आणि मगच त्याला जातीचे नाव देतो. नुसत्या नावावर तो विश्वासत नाही. प्राचीन ग्रंथांतील औषधिनामे हाताळताना अभ्यासकाने तेवढाच सावधपणा राखला पाहिजे.